दवाखान्यातला बचाव

"फक्त एक विचारायचंय!" असं म्हणत जो तो डॉक्टरांच्या खोलीत घुसत होता, आणि जेमायमाआजी सुजलेला गुडघा धरून बाकावर बसली होती. इस्रायलमधल्या बेर्शेबाच्या या दवाखान्यातून मागल्या खेपेला ती डॉक्टरांचं तोंडही न बघता घरी परतली होती. म्हणून आज तिने नातीला, लिमोरला, सोबत आणलं होतं.

दोन हजार सातच्या त्या उन्हाळ्यात लिमोरच्या शाळेत अमेरिकेहून आलेली एक बाई मुलींना लॅक्रॉस शिकवत होती. काठीला जाळी, जाळीत चेंडू. लिमोर बचावाला खेळायची.

"सावता," लिमोरने आजीला हिब्रूत हाक मारली, "आज कुणी घुसणार नाही. बेसेदेर? ठीक ना?"

"मारामारी नको हां गो!"

"हातच लावायचा नाही. समोरच्याच्या काठीकडे नाही, कमरेकडे बघायचं. पावलं छोटी टाकायची आणि त्याला गोलपोस्टपासून बाजूला न्यायचं."

तेवढ्यात अमिराम आला. सिनेगॉगमधल्या ओळखीचा, पोट सुटलेला, हातात रिपोर्ट.

"बसा, बसा जेमायमाबाई. मला फक्त एक विचारायचंय."

लिमोर गुडघे वाकवून दारासमोर उभी राहिली. अमिराम डावीकडे सरकला, तीही सरकली. त्याने रिपोर्ट उजवीकडे नाचवला, पण तिची नजर त्याच्या पट्ट्यावरून हलेना.

"काय बघतेस गो?" अमिराम बावरून पट्टा चाचपू लागला.

बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. एका रशियन आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मग मात्र अमिराम इरेला पेटला. इकडे हूल, तिकडे उडी. लिमोर त्याला बोटही न लावता भिंतीकडे हटवत गेली, पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत. तिथे नर्सच्या टेबलापाशी तो धापा टाकत खुर्चीत कोसळला.

इकडे दार उघडलं. जेमायमाआजीने पर्स सावरली आणि ती उठली.

तिकडे ग्रेस नर्सने अमिरामचा लालबुंद चेहरा पाहून त्याच्या दंडाला प्रेशर मोजायचा पट्टा गुंडाळला. "अगो बया, एवढं प्रेशर!" तिने त्याला चाकांच्या खुर्चीत घातलं. "बाजूला व्हा, अर्जंट आहे!"

सगळे बाजूला झाले. लिमोरसुद्धा. खुर्ची सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"लवकर आटपतो हां, जेमायमाबाई," आतून अमिरामचा क्षीण आवाज आला.

दार बंद झालं. आजी हळूच परत बाकावर टेकली.

"लिमोर, पुढच्या खेपेला त्याला जाऊ दे."

"मग?"

"तू मला अडव."