वरच्या थरातला अबोला

लग्नाच्या फोटोंतून सख्ख्या काकाला काढायचं काम वैशालीच्या वाट्याला आलं. तिच्या आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. सौसरच्या घरी सगळं गणगोत जेवायला येणार होतं. नव्हता तो फक्त बोरगावचा चिंधूकाका. संत्र्यावर फवारायचा पंप त्यानं भावाकडून नेला आणि त्याच्या तोंडाचं नोझल हरवून परत आणला. नोझल बोटभर, अबोला मात्र दोन वर्षांचा!

“चिंध्या एकाही फोटोत दिसला नाही पायजे,” मोतीरामांनी लेकीला बजावलं.

ज्या काकाच्या खांद्यावर बसून पोळा पाहिला, त्याला पुसताना वैशालीला वाईट वाटलं. पण बापापुढे बोलायची छाती कोणाची? पांढुर्ण्याच्या आपल्या स्टुडिओतून आणलेल्या कॉम्प्युटरवर तिनं काम उरकलं.

“कायमचे गेले का गं ते फोटो?” केसरबाईंनी विचारलं.

“नाही आई. मूळ फोटो खालच्या थरात हायेत. तो थर कॉम्प्युटरनं नुसता वाचाचा, त्याच्यात कोणाले काही बदलता येत नाही. मी लिहिते, पुसते, ते वरच्या थरात. काका खाली हायेच, वरून झाकला. पण कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, का वरचा थर कोरा.”

“म्हंजे गादी तीच, वरतून चादर.”

“तसंच. म्हणून आज तो बंद पडला नाही पायजे. इन्व्हर्टर हाये, चिंता नाही.”

केसरबाई “बरं” म्हणाल्या आणि भजी तळायला गेल्या.

संध्याकाळी खोलीत अंधार करून फोटो सुरू झाले. मोतीराम नवा फेटा सावरून पुढे बसले. तेवढ्यात पडदा काळा झाला.

“लाइट गेली!” कोणीतरी ओरडलं.

वैशाली कॉम्प्युटरकडे धावली. तो आपसूक पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच फोटोत चिंधूकाका! भर मे महिन्यात बोहल्यावर चक्कर आलेले मोतीराम, आणि त्यांना एका हातानं सावरून दुसऱ्या हातानं सुपानं वारा घालणारा धाकटा भाऊ. पाहुणे खो खो हसले. वैशालीनं घाईनं माउस धरला.

“बंद करू का, बाबा?”

“थांब.” मोतीराम उठून पडद्याजवळ गेले. “त्यानं धरलं नसतं तं तुह्या मायच्या पायाशीच पडलो असतो मी.” त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे टिपले. “एका नोझलपायी काय करून राहिलो मी! फोन लाव त्याले.”

फोन काढताना वैशालीचं लक्ष वर गेलं. पंखा मघापासून फिरतच होता; बंद पडला होता तो फक्त कॉम्प्युटर. बटणांच्या बोर्डापाशी केसरबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या.

“फोन काहाले?” त्या म्हणाल्या. “भाऊजी दुपारपासून शेजारी रजनीच्या घरी बसले हायेत, नवं नोझल घेऊन. पान वाढू का त्याइचं?”