गिअर ऑइल बदलण्याची विहित कार्यपद्धती

आमच्या मोटारीचा तिसरा गिअर पडण्यास नकार देऊ लागला, ही बाब प्रथम माझ्या पत्नीच्या, प्रमोदिनीच्या, निदर्शनास आली. मोटार जुनी, लाखो किलोमीटर पळालेली, आणि तिच्या गिअरबॉक्समधलं तेल आम्ही एकदाही बदललेलं नव्हतं. गेली काही वर्षं गिअर टाकताना खालून जात्यासारखी घरघर यायची. मी ती प्रलंबित ठेवली होती. प्रलंबित ठेवण्याचा मला दांडगा अनुभव आहे. वर्ध्यातल्या ज्या कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे, तिथे टॅक्सींचे परवाने नूतनीकरणासाठी येतात आणि राहतात.

या वेळी मात्र प्रकरण तातडीचं होतं. माझ्या सासूबाई आनंदाबाई आष्टीला असतात. सोमवारी वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया ठरली होती. बसच्या पायऱ्या चढणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून रविवारी स्वतःच्या गाडीनं घेऊन येतो, असं मीच फोनवर छातीठोकपणे सांगून बसलो होतो. “मले न्यायले जावई येऊन राह्यले,” हे त्यांनी अख्ख्या गल्लीला कळवलं होतं.

रविवारी गॅरेज बंद. मी तेल आणि पाना घेऊन अंगणात उतरलो. तेल बदलायचं म्हणजे काय, जुनं काढायचं आणि नवं घालायचं. हे काम मी कार्यालयात आयुष्यभर करत आलो आहे, निदान त्यातला पहिला भाग.

गाडी जॅकवर चढवली, खाली घमेलं ठेवलं.

“अहो, पण नवं तेल भरतात कुठून, ते पायलं का?” प्रमोदिनीनं विचारलं. ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तिला प्रश्न विचारायची खोड आहे.

“तो पुढचा टप्पा,” मी गाडीखालून म्हणालो. “आधी जुनं जमा, मग नवं. नियम आहे.”

“कोनाचा?”

“आमचा.”

खालचा नट सुटला आणि काळंकुट्ट तेल घमेल्यात उतरलं. त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. मी त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला: ‘काम प्रगतिपथावर.’ तीन जणांनी अंगठे दाखवले.

मग बाजूचा नट, ज्यातून तेल भरतात तो. तो गंजून गिअरबॉक्सशी एकरूप झाला होता. रॉकेल घातलं, हातोडीनं ठोकलं, पान्यावर उभा राहिलो. पाना घसरला आणि नटाचे कोपरे झिजून तो पुरता गोल झाला. आता त्याला कोणताच पाना लागेना. नवं तेल आत जाईना आणि जुनं परत घालावं तर वाट तीच. गिअरबॉक्स कोरडा. तशी गाडी काढली तर आष्टी दूरच, कोपऱ्यावरच्या चौकापर्यंतही पोहोचणार नाही, एवढं मलाही कळत होतं.

प्रमोदिनी एसटीचं वेळापत्रक शोधू लागली.

मी शेजारच्या रत्नदीपकडे धावलो. त्याची टॅक्सी दारात झाकून उभी होती.

“रत्नदीप, सासूबाईंना आणायचंय. गाडी काढ.”

“कशी काढू, काका? परवाना तुमच्या कपाटात हाये ना.”

“आणि नवा?”

“तुमीच म्हनलं, आधी जुना जमा कर. केला. नव्याचं विचारलं की तुमी म्हनता, तो पुढचा टप्पा.”

“अरे, एका दिवसाचं काय! कोण पाहतं?”

“मागच्या महिन्यात तसाच गेलतो सेलूले. धरलं मले. तपासणीच्या जीपमध्ये तुमीच बसून होते.”

मला आठवलं. त्या कारवाईबद्दल साहेबांनी माझी पाठही थोपटली होती. मी आणखी चार टॅक्सीवाल्यांना फोन केले. ज्यांच्याकडे परवाने होते ते लग्नाच्या भाड्यावर गेले होते. बाकीच्यांच्या गाड्या आमच्या कार्यालयाच्या कृपेनं झाकून उभ्या होत्या.

अखेर प्रमोदिनी एसटीनं गेली. चार प्रवाशांनी उचलून सासूबाईंना बसमध्ये चढवलं, वर्ध्याला उतरवलं. वेदनेनं त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “जावईबापू, गाडीत बिघाड झालता का?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती, तीही माझ्या गाडीची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी डॉक्टरांनी खुब्याची सूज पाहिली आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

मंगळवारी मी ठाम निश्चय करून कार्यालयात गेलो. यापुढे नवा परवाना तयार असल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. वरिष्ठांशी भांडायचीही तयारी होती. खिडकी उघडली. रांगेत पहिले तुम्हीच होतात, हो, हे वाचणारे तुम्ही. मी तोंड उघडणार, एवढ्यात तुम्ही आपला जुना परवाना स्वतःहून आत सरकवलात, “थँक्यू साहेब” म्हणालात आणि निघूनही गेलात. पावतीसाठीसुद्धा थांबला नाहीत.

तो आता कपाटात आहे. तुम्हाला हाक मारून परत द्यावा असं क्षणभर वाटलं होतं, पण परत देण्याची आमच्याकडे पद्धत नाही.