आत्याला घर आवडलं

बंगळुरातल्या महादेवपुऱ्यात पद्माकर घरं विकायचा. आयटीत नोकऱ्या जायला लागल्या आणि गिऱ्हाइकं नुसती फ्लॅट बघून, बाल्कनीत फोटो काढून जायला लागली. पण पद्माकर निपाणीचा गडी, हार मानणारा नव्हे.

"मंदीत कोणी घर घेत नाही," तो बायकोला, सोनमला म्हणाला, "पण दुसरा घेतोय म्हटलं की लगेच घेतो. या रविवारी एक फ्लॅट खपलाच समज."

हा दुसरा म्हणून त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला राहणाऱ्या आपल्या आत्याला बोलावलं. कस्तुराबाईंनी ओळख दाखवायची नाही, फक्त घर आवडल्यासारखं करायचं, एवढंच काम.

रविवारी नागपूरचे विराज आणि श्वेता आले. कस्तुराबाई आधीच स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

"इथं देव बसवायचे," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग त्यांनी खिडकी उघडली. "आमच्या यांना सकाळचं ऊन फार आवडायचं."

आत्या एवढी मुरलेली नटी असेल असं पद्माकरला वाटलं नव्हतं. त्याने हळूच विराजकडे पाहिलं. विराज चप्पल घालत होता. श्वेता डोळे पुसत होती.

"आम्ही नाही घेत, काका," ती म्हणाली. "आजींचा जीव जडलाय या घरावर. त्यांच्या तोंडचा घास काढून आम्ही इथे कसं राहायचं?"

"अहो, त्या कुठे घेतायत," पद्माकर घाईने म्हणाला.

"का? पैसे कमी पडताहेत का त्यांना?"

"कोण म्हणतंय कमी पडतात म्हणून?" कस्तुराबाई बाहेर आल्या. "मी काय उसनं मागायला आलेय?"

पद्माकर मध्ये पडला. "त्यांना जरा विसरायला होतं. कुठलंही घर बघतात आणि आपलंच म्हणतात."

"मला विसरायला होतं?" कस्तुराबाईंचा आवाज चढला. "पद्म्या, तुझ्या बारशाला कोण रुसून बसलं होतं ते सांगू का यांना?"

विराजने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही ओळखता यांना?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "माझी आत्या आहे," पद्माकर म्हणाला.

"सख्खी?"

"सख्खी."

"म्हणजे सख्ख्या आत्याला वेडी ठरवून तुम्ही तिचं घर आम्हाला विकत होता," विराज म्हणाला. श्वेताने वाकून कस्तुराबाईंना नमस्कार केला, आणि पद्माकरकडे न बघता दोघं जिना उतरून गेली. लिफ्ट चालू होती तरी.

पद्माकर भिंतीला टेकून खाली बसला. "आत्या, एवढं खरं कशाला वाटायला लावलंस?"

"खरंच होतं की ते," कस्तुराबाई म्हणाल्या. त्या पुन्हा खिडकीशी जाऊन उभ्या होत्या. "बनशंकरीच्या घरात ऊन येत नाही रे आता. चारी बाजूंनी बिल्डिंगा. सरी, ठरलं तर, हे मलाच घेऊन दे."

आणि त्यांनी खरोखर घेतलं. त्या मोसमात त्या भागात विकला गेलेला तो एकच फ्लॅट. दुसरे एजंट पद्माकरला युक्ती विचारायला आले. "गिऱ्हाइकाशी घरच्यासारखं वागावं लागतं," तो म्हणाला. दलालीचं मात्र त्याने कोणाला सांगितलं नाही. तो विषय काढल्यावर कस्तुराबाईंनी त्याच्याकडे फक्त बघितलं होतं.

वास्तुशांतीला मात्र त्यांनी त्याला आग्रहाने पुरणाचे दोन होळिगे जास्त वाढले आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "वरचा फ्लॅट बघायला कोण येणार असलं तर सांग. मी येते. मला जमतं ते."