गांगुर्ड्यांची धुराची गाडी

"ही गाडी मी माझ्या हाताने उभी करणार, माझ्या हाताने चालू करणार आणि अख्खी कॉलनी तोंडात बोट घालून बघत राहणार!" निवृत्ती गांगुर्डे यांनी भर जेवणात जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, चांगुणाबाईंनी, एवढंच विचारलं, "हात धुतलेत का?"

निवृत्तीरावांना हा प्रश्न अपमानास्पद वाटला. तसे त्यांना बहुतेक प्रश्न अपमानास्पदच वाटायचे. सातपूरच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्याने बनवलेला पार्ट हातात घ्यायचा, उजेडात धरायचा, नाक मुरडायचं आणि त्याच्यावर लाल फुली मारायची, हे त्यांचं काम. जगावर फुल्या मारत मारत माणसाने पंचेचाळिशी ओलांडली की त्याचं नाक मुरडलेलंच राहतं. त्यात नाव निवृत्ती! "काय गांगुर्डे, निवृत्त कधी होताय?" हा विनोद सुचलेला आपणच पहिले, असं प्रत्येकाला वाटायचं. निवृत्तीराव प्रत्येकावर नव्याने संतापायचे.

पण या माणसाचं एक जुनं प्रेम होतं. तरुणपणी नाशकात त्यांनी मोटोक्रॉसच्या शर्यती बघितल्या होत्या. माळावर मातीचे उंचवटे रचलेले, त्यांच्यावरून त्या हाडकुळ्या, उंच गाड्या सुसाट यायच्या आणि दोन्ही चाकं जमिनीपासून सुटायची! गाडी हवेत, माणूस हवेत आणि दोरीच्या बाहेर उभ्या असलेल्या निवृत्तीचा जीवही हवेत! अंगावर उडालेल्या चिखलाचा तो शर्ट त्यांनी आठवडाभर आईला धुवू दिला नव्हता.

अशी एक गाडी त्यांना सापडली ती वणीला, चांगुणाबाईंच्या मामांच्या, कोंडाजींच्या शेडमध्ये. कुण्या द्राक्षाच्या व्यापाऱ्याचा पोरगा शर्यती खेळायचा. हात मोडल्यावर तो गाडी इथे टाकून गेला, तो गेलाच. वर्षानुवर्षं गाडी शेडमध्ये पडून होती.

"न्या की जावईबापू!" कोंडाजी म्हणाले. "आमाला काय करायची? फक्त सीट जरा दमानं उचला. कोंबडी बसली हाय."

"कोंबडी?"

"खुडूक हाय. लय चावती."

चावलीच! निवृत्तीराव बोटाला फडकं गुंडाळून टेम्पोतून गाडी घेऊन घरी आले. घरामागे पत्र्याची शेड होती, तिला त्यांनी 'वर्कशॉप' म्हणायला सुरुवात केली. चांगुणाबाई तिला 'अडगळ'च म्हणत राहिल्या.

काम सुरू झालं. इंजिन उघडलं, नवा पिस्टन आला, नव्या रिंगा आल्या. पण वर्कशॉपचा कारभार हळूहळू स्वयंपाकघरात सरकला. सायलेन्सर आतून काजळीने तुंबला होता, तो निवृत्तीरावांनी गॅसवर भाजला. वांगं भाजतात तसा, फिरवून फिरवून! कॉलेजातून आलेली लेक संजना दारातूनच ओरडली, "पप्पा, भरीत कशाचं आहे?" 

दुसऱ्या आठवड्यात चांगुणाबाई ड्युटीवरून आल्या. त्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या आणि दिवसभर पायावर उभ्या राहून दमल्या होत्या. गॅसवर कुकर बघून त्यांना बरं वाटलं.

"वरण लावलंत वाटतं?"

"कार्बोरेटर आहे. लिंबू घालून उकळला की आतली घाण सुटते."

चांगुणाबाई खुर्चीवर बसल्या. कुकरची शिट्टी उचलून आत डोकावल्या. मग म्हणाल्या, "तो कुकर आजपासून तुमचा. आणि संध्याकाळच्या भाकरीही तुम्हीच बघा."

"इंजिनिअरिंगची कदरच नाही या घरात!" निवृत्तीराव गरजले आणि बाजारातून नवा कुकर घेऊन आले.

आता या सगळ्यात ते साल लक्षात घ्यायला हवं. ते साल होतं चिकुनगुनियाचं! अर्धं नाशिक कंबरेत वाकलेलं. रस्त्यावर भेटलेला माणूस नमस्कार करतोय की त्याला सरळच होता येत नाही, हे कळायचं नाही. कॉलनीतली माणसं रोज धूर फवारणीच्या गाडीची वाट बघायची. आज येते, उद्या येते, असं करत महिना गेला. डास येत होते, गाडी येत नव्हती.

आणि अशाच एका संध्याकाळी निवृत्तीरावांनी गाडी अंगणात काढली. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. किती? "तेल कमी पडून पिस्टन जाम होण्यापेक्षा चार झाकणं जास्त बरी!" असं म्हणून त्यांनी झाकणाचा नाद सोडून बाटलीच उपडी केली. मग किक मारली. पुन्हा मारली. शर्ट घामाने चिकटला, चष्मा घसरला, पोटरीत गोळा आला. संजना पायरीवर बसून पेरू खात होती. तिने पेरू संपवला आणि दुसरा आणला. तेवढ्यात सायलेन्सरने एक उचकी दिली आणि—

फट्! फट्! फट्टर्रर्रर्र!

चालू झाली! आवाज असा की पत्र्याच्या शेडला हुडहुडी भरली. आणि धूर! पांढरा, दाट, गलेलठ्ठ धूर! त्याने आधी अंगण गिळलं, मग कुंपण गिळलं, मग शेजारच्या सिंधुबाईंची दोरीवर वाळणारी नऊवारी गिळली. निवृत्तीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं आनंदाचं, बाकीचं धुराचं.

तेवढ्यात धुराच्या पलीकडून सिंधुबाईंचा खणखणीत आवाज आला.

"अगं आली! धुराची गाडी आली! उघडा गं दारं-खिडक्या!"

धडाधड खिडक्या उघडल्या. कुणी गाद्या बाहेर आणल्या, कुणी तान्हं पोर टोपडं घालून बाहेर आणलं आणि पुन्हा विचार करून आत नेलं. पोरं नाचत धुरात शिरली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या!

"ही फवारणीची गाडी नाही!" निवृत्तीराव ओरडले. "ही मोटोक्रॉसची गाडी आहे! शर्यतीची!"

"असेल हो भाऊ," सिंधुबाई नाकाला पदर लावून कुंपणाशी आल्या. "पण तिचं तोंड जरा आमच्या मोरीकडं करा ना. तिथं लय मच्छर हाये."

निवृत्तीरावांनी ताडकन इंजिन बंद केलं. त्यासाठी बटण नव्हतं, ते अजून जोडायचं राहिलं होतं. पहिला गिअर टाकून, ब्रेक दाबून, गाडीला गचका देऊनच बंद करावी लागायची. त्या गचक्याने तेही जवळजवळ सिंधुबाईंच्या मोरीत गेले.

"फवारणी म्हणे!" रात्रीच्या जेवणाला ते भाकरीचे तुकडे पाडत म्हणाले. "उद्या विमानाला पंखा म्हणतील!"

"धुराने लोकांचा खोकला तेवढा वाढेल," चांगुणाबाई म्हणाल्या. "डबक्यातलं पाणी उपसा म्हणून मी घसा कोरडा करतेय, ते कुणाच्या कानात शिरत नाही. धूर मात्र बरोबर शिरला."

दुसऱ्या दिवशी दारात नवनाथभाऊ उभे! नवनाथभाऊ म्हणजे कॉलनीतले भावी नगरसेवक. निवडणूक तोंडावर आली होती, त्यामुळे त्यांना हल्ली सगळ्यांची काळजी वाटायची.

"काका, एकच नंबर काम! लोक खूश आहेत. गाडी कुठून मागवली?"

"ती मागवलेली नाही. मी बनवलीय. डर्ट बाइक आहे ती."

"डर्ट?" नवनाथभाऊंनी विचार केला. "डर्ट म्हणजे कचरा. म्हणजे घंटागाडीच्या खात्याची?"

निवृत्तीरावांच्या कानशिलाच्या शिरा टरारल्या. मातीवरून, उंचवट्यांवरून, उड्या मारत जाणारी शर्यतीची गाडी म्हणजे काय, हे त्यांनी हातवारे करून, शेवटी सोफ्यावर बसून कमरेतून उसळून दाखवलं. नवनाथभाऊंनी मान डोलावत ऐकलं, निघताना शेडमध्ये जाऊन गाडीवर हात ठेवून स्वतःचा फोटो काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या फाटकावर फलक! 'मा. नवनाथभाऊ यांच्या अथक प्रयत्नांतून धूर फवारणीस प्रारंभ!' कानाला मोबाइल लावलेले नवनाथभाऊ हे एवढे मोठे, खाली गाडी, आणि गाडीमागे निवृत्तीरावांचं फक्त कोपर.

"कोपर!" निवृत्तीराव फलकासमोर थयथयाट करू लागले. "त्या कार्बोरेटरसाठी मी घरच्या भाकरी थापल्या, आणि प्रयत्न यांचे? अथक? अरे, थकलं कोण?"

आता हा इज्जतीचा प्रश्न झाला होता. रविवारी सकाळी सगळ्यांसमोर गाडी पळवून दाखवायची! कॉलनीतल्याच बुद्धविहाराजवळच्या मोकळ्या मैदानात, रस्त्यासाठी आणून टाकलेल्या मुरमाचा मोठा ढीग होता. त्याच्यावरून उडी मारायची. दोन्ही चाकं हवेत! मग बघू कोण फवारणी म्हणतो!

"गुडघ्याला काही झालं तर हॉस्पिटलात खाट रिकामी नाही," चांगुणाबाईंनी बजावलं. पण रविवारी निघताना निवृत्तीरावांच्या हेल्मेटचा पट्टा त्यांनीच नीट आवळून दिला आणि क्षणभर हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "जपून हं."

सगळी कॉलनी मैदानावर जमली होती. फाटकात नवनाथभाऊंनी सत्कारासाठी मांडव घातला होता, म्हणजे बाहेर जायचा रस्ता बंद. निवृत्तीरावांनी किक मारली, गिअर टाकला, उजवी मूठ पिळली. गाडी सुटली! त्यांनी मूठ सोडली. गाडी सुटलेलीच! थ्रॉटलची तार आत कुठेतरी अडकली होती!

क्लच दाबावा तर इंजिन भोंग्यासारखं किंचाळत होतं, आता फुटेल की मग फुटेल! नवा पिस्टन! नव्या रिंगा! निवृत्तीरावांना स्वतःच्या हाडांपेक्षा रिंगांची दया आली. त्यांनी क्लच सोडून दिला. पुढचा ब्रेक एवढ्या वेगात दाबावा तर कोलांटी; मागचा दाबला, तर त्या जुन्या ब्रेकने "कोण?" असंही विचारलं नाही. गाडी मैदानातून पहिल्या गल्लीत शिरली, पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत.

"बाजूला व्हा! गाडी थांबत नाहीये!" निवृत्तीराव जीव तोडून ओरडत होते.

"काय म्हणाले?" कुणीतरी विचारलं.

"आज गाडी थांबणार नाही म्हणतायत. सगळ्या गल्ल्या करणार!"

"वा! याला म्हणतात काम!" 

लोक पटापट बाजूला होऊन खिडक्या उघडायला धावले. चौथ्या गल्लीतल्या बायकांनी तर हात करून ओरडून सांगितलं, "भाऊ, मागच्या वेळी आमची गल्ली राहिली होती! जरा हळू घ्या!" हळू! गाडीने फाटक गाठलं, समोर मांडव. नवनाथभाऊ हार घेऊन पुढे सरसावले, गाडीचा वेग बघून तेवढ्याच तत्परतेने मागे सरले आणि हारासकट खुर्च्यांच्या थप्पीत गेले. निवृत्तीरावांनी हँडल वळवलं, पुन्हा मैदान, पुन्हा गल्ल्या. एव्हाना कॉलनी धुराने अशी भरली होती की आपल्या हाताची बोटं आपल्याला दिसेनात.

आणि त्या पांढऱ्या अंधारात, अचानक, समोर मुरमाचा ढीग आला.

टाळता येणं शक्यच नव्हतं. पुढचं चाक चढलं, इंजिनचा सूर बदलला आणि खालचा खडखडाट एकदम थांबला. निवृत्तीराव हवेत होते. गाडी हवेत होती. दोन्ही चाकं! पंचवीस वर्षं दोरीबाहेर उभा असलेला तो पोरगा त्या क्षणी आत आला, आणि त्याने मोठ्याने आरोळी ठोकली, इंजिनच्या आवाजात ती कुणालाच ऐकू गेली नाही. मग गाडी धाडकन जमिनीवर आली, थोडी डुलली, पेट्रोल संपल्यामुळे दोन आचके देऊन शांत झाली. निवृत्तीराव पाय टेकून उभे राहिले. पडले नाहीत!

"पाहिलंत?" त्यांनी हेल्मेट काढून विचारलं. "पाहिलंत ना? दोन्ही चाकं!"

धुरातून फक्त खोकल्याचे आवाज आले.

"काय झालं हो भाऊ?" सिंधुबाईंचा आवाज. "बंद पडली का? आमची मोरी राहिली ना!"

एकाने सुद्धा बघितलं नव्हतं. एकाने सुद्धा! धूर विरायला लागला तसं निवृत्तीरावांनी एकेकाला धरून ढिगावरची चाकाची खूण दाखवायला सुरुवात केली. लोक माना डोलावत होते आणि डोळे पुसत होते. चांगुणाबाई गर्दीतून वाट काढत आल्या, त्यांचे गुडघे चाचपले, कोपरं चाचपली. मग म्हणाल्या, "मी आवाज ऐकला. मध्येच खडखड बंद झाली ना, तेव्हाच कळलं मला."

"ऐकलंस? खरंच?"

"हो. आता घरी चला."

गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या बुधवारी निवृत्तीरावांना ताप भरला. गुरुवारी गुडघे धरले, शुक्रवारी घोटे, शनिवारी बोटं. रक्त तपासलं. चिकुनगुनिया!

आणि कमाल बघा, आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये साथ जोरात असताना या कॉलनीत त्या पंधरवड्यात आजारी पडलेला माणूस एकच. निवृत्ती गांगुर्डे! आदल्या आठवड्यात चांगुणाबाईंनी घरोघर जाऊन टाक्या आणि कुंड्या रिकाम्या करायला लावल्या होत्या, पण त्याबद्दल कुणी एक अवाक्षर काढेना. सगळं श्रेय धुराला!

सिंधुबाई वाटीभर पेज घेऊन बघायला आल्या. खाटेवर निवृत्तीराव वाळलेल्या बोंबलासारखे ताठ पडले होते.

"मला सांगा सिंधुबाई," ते संतापाने म्हणाले, "अख्ख्या कॉलनीला सोडून मलाच का? धूर मी सोडला! गाडी माझी! तेल माझं! हा न्याय आहे का?"

सिंधुबाईंनी पेजेत चमचा फिरवत नीट विचार केला.

"त्याचं असं हाये भाऊ," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "धूर सगळा मागं जायचा. आणि तुम्ही बसायचात पुढं."

दाराआड संजना फिसकन हसली. चांगुणाबाईंनी तोंडाला पदर लावून भिंतीकडे तोंड केलं. निवृत्तीरावांना ताडकन उठून बसायचं होतं, पण गुडघा हलेना. निदान मूठ तरी आवळावी म्हणून त्यांनी जोर लावला.

तीही वळेना!