दत्तोपंतांच्या गारा

गारा पडू लागल्या की सगळं दिंद्रुड गाव घरात पळायचं आणि आमचे शेजारी दत्तोपंत डोक्यावर पितळी पातेलं उपडं घालून बाहेर पळायचे. हातात सोनाराचा तराजू. गार विरघळायच्या आत तोलायची असे. तराजू त्यांचा, पातेलं माझं. त्याचे पोचे मी अजून विसरलेले नाही.

पंत शाळेत गणित शिकवत, ते पोटापुरतं. जीव सगळा आभाळात. कुणी "लिंबाएवढी गार पडली" म्हणालं की त्याला धरून बसवत. "कुठलं लिंबू? कागदी की ईडलिंबू?" लोक त्यांना पाहून वाट बदलत. वादळाचा अंदाजही मापात. "वायव्येकडून, दुपारनंतर, सोळा आण्यांत दहा आणे." पारावरचे बाप्ये विचारत, "अन् उरलेले सहा?" आणि खुशाल तंबाखू मळत बसत.

त्या वर्षी हैदराबादेत नवं विद्यापीठ निघालं. तिथं हवामान शिकवायला माणूस हवा होता. पंतांनी तेरा वर्षांच्या नोंदी धाडल्या आणि चक्क मुलाखतीचं बोलावणं आलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला पुन्हा कोण बोलावणार? मी कुणाची तरी शेरवानी उसवून त्यांच्या अंगाला बसवली, दशम्या बांधून दिल्या. चैत्रातल्या सकाळी बैलांची दमणी निघाली. परभणीची रेल्वे चुकली, की मुलाखत गेली.

दिवस कलायच्या आत पंत पायी परत. शेरवानी चिखलाची, पागोटं गायब, कपाळावर टेंगूळ.

"दमणी उलटली की काय?"

"नाही वहिनी. ढगाचं बूड हिरवं दिसलं, म्हणजे गारा नक्की. माळावर भिवाची मेंढरं होती."

बाकीचं भिवा धनगराकडून कळलं. पंत दमणीतून उडी टाकून माळावर धावले, शेरवानी काढून फडकवत ओरडत सुटले. भिवा, त्याची बायको आणि पंत यांनी मिळून कळप ओढ्याकाठच्या देवळात कोंबला. शेवटची मेंढी पंतांच्या खांद्यावर होती, तेव्हा गारा सुरू झाल्या.

"मेंढरांपायी नोकरी घालवलीत!" मी म्हणाले. "निदान गारा केवढ्या होत्या?"

"मोजायच्या राहिल्या," पंत पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी भिवा नवं घोंगडं घेऊन आला.

"हे कशाला रे?" पंतांनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. तिकडं हैदराबादेत एवढं काय होतं म्हनं, पंत?"

"पोरं होती, भिवा. समोर बसून आभाळाचं ऐकणारी. इथं तेरा वर्षं बोलतोय, एकानं ऐकलं नाही."

"काल ऐकलं की," भिवा म्हणाला. "तुमी पळा म्हनले, आमी पळालो."

पंतांनी घोंगडं मांडीवर ओढून घेतलं आणि मान वर करून आभाळ बघायला लागले. मीही पाहिलं. ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

मी भाकरी टाकायला घरात गेले.