पाणी नाही म्हणणारा पाणाड्या

सिद्रामप्पांच्या चपला कधी पायात नसत. त्या काखेत असत. चांगल्या कातडी चपला, तळाला धूळ लागलेली मी कधी पाहिली नाही. विचारलं तर म्हणत, "तळव्याला कळतंय की सायेब. मधी चामडं आलं की पाणी बोलत न्हाय." आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चार पावलं टाकून थबकले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, तुमच्या चुलीखालनं झरा जातोय." तेव्हापासून स्वयंपाकघरात ओल दिसली की त्यांचं नाव निघे. ती ओल शेजारच्या मोरीची आहे, हे मी बायकोला पुष्कळदा सांगून पाहिलं.

मूळ गाव दुधनी. धंदा पाणाड्याचा, म्हणजे जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगायचा. पण माझी ओळख झाली तेव्हा त्यांचं काम नेमकं उलटं होतं. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका दगडखाणीत मी कारकून होतो. खाणीला पाणी म्हणजे वैरी. सुरुंगानं झरा फुटला की खड्डा भरतो, डिझेलचा पंप दिवसभर धडधडत बसतो आणि दगड राहतो बाजूला. म्हणून मालकांनी सिद्रामप्पांना पगारावर ठेवलं होतं, कुठं पाणी नाही ते सांगायला.

ते तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालत. पाण्यावर आले की नारळ आपोआप उभा राहतो म्हणे. नाही राहिला की खूश होऊन कानडीत ओरडत, "इल्ला! नीर इल्ला!" नाही, पाणी नाही. आणि कामगार तिथं पहार मारत. मी सायन्स घेऊन इंटरपर्यंत शिकलेला, माझा त्या नारळावर काडीचा विश्वास नव्हता. तसं बोललो की ते चिडत. "पाणी हाय म्हनाय काय, कुनी बी म्हनतंय. न्हाय म्हनून दावा की!"

एकदा मालकांनी त्यांचं ऐकलं नाही. दगड चांगला दिसला म्हणून नको म्हटलेल्या जागी सुरुंग लावला. झरा फुटला, खड्डा भरला आणि पंप महिनाभर चालला. बाहेर काढलेलं पाणी ओढ्याला सोडलं. पंधराव्या दिवशी कामगारांच्या झोपड्यांजवळची एकुलती एक विहीर तळाला गेली. बाया आत उतरून वाटीनं पाणी भरू लागल्या. सिद्रामप्पांनी त्या दिवशी भाकरीचं फडकं सोडलंच नाही. "ते पाणी कुनाचं तरी हाय, सायेब," एवढंच म्हणाले. शेवटी मालक कंटाळले, पंप थांबला, तेव्हा कुठं विहीर हळूहळू पुन्हा भरली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दुष्काळी कामांच्या रस्त्यांना खडी हवी होती, खाण जोरात होती, पण क्रशरवर मारायला, इंजिन गार ठेवायला पाणी नव्हतं. मालकांनी सिद्रामप्पांना बोलावलं. "आप्पा, आता पाणी दाखवा. बोअर मारू. मशीन उद्या येतंय." त्यांना वाटलं, म्हातारा खूश होईल. इतक्या वर्षांनी खरं काम मिळालं.

म्हातारा नारळ घेऊन निघाला. मागं मालक, फोरमन आणि वही घेऊन मी. झोपड्यांच्या अलीकडच्या माळावर ते थांबले. मी अगदी शेजारी होतो. तळहातावरचा नारळ उभा राहू बघत होता आणि सिद्रामप्पांनी अंगठ्यानं तो दाबून धरला होता. इतका घट्ट, की नख पांढरं पडलं होतं. त्या नारळावर माझा विश्वास बसला तो आयुष्यात तेवढ्या एका क्षणी.

"इल्ला," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"अहो, पलीकडं विहिरीला पाणी आहे की!" मालक म्हणाले.

"ते वरचं झिरपणं हाय. धा घागरीचं. मशीन लावलं तर दुपारपतूर कोरडं." मग सगळं रान फिरले आणि सगळीकडं नाहीच म्हणाले.

मालक तडकले. "पाणी नको तेव्हा तुम्ही खरे, आणि पाहिजे तेव्हा रिकामा हात! जा आता दुधनीला." मशीन परत गेलं. पाणी टँकरनं येऊ लागलं. खाणीत पोरंटोरंसुद्धा तळहातावर दगड ठेवून म्हाताऱ्याची नक्कल करू लागली. ज्या माणसानं उभा जन्म नावाला जपलं, त्याचं नाव आठवड्यात गेलं.

मी त्यांना एकटं गाठून म्हटलं, "आप्पा, अंगठा पाहिला मी."

"सायेब, तुमी लिवनारी मानसं. वहीकडं बघायचं, हाताकडं कशाला बघताय?"

जायच्या दिवशी वळकटी घेऊन ते विहिरीवर आले. मी पोचवायला होतो. काशीबाई पाणी शेंदत होती. खाणीत खडी फोडणारी, तोंडाची फटकळ. म्हाताऱ्याला बघून तिनं पोहरा काठावर आदळला.

"काय वो आप्पा, आमच्या हिरीत पाणी न्हाय म्हनला व्हय? सगळं रान आटलं, आमची हीर आटली न्हाय. आन् तुमी म्हनं पाणी वळकता!"

बाकीच्या बाया खळखळून हसल्या. मी तोंड उघडलं. सिद्रामप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी ते मिटलं.

"व्हय गं बाई," ते म्हणाले. "म्हातारपन. चुकतंय की."

"मग प्या आता, आन् बघून जावा पाणी कशाला म्हनत्यात."

त्यांनी खाली बसून ओंजळ धरली. तिनं पोहरा ओतला. पोटभर प्याले, ओला हात तोंडावरून फिरवला आणि म्हणाले, "लई गोड हाय." बाया पुन्हा हसल्या, तेही हसले.

काशीबाईनं मलाही पाणी विचारलं. मी म्हाताऱ्याची वळकटी उचलून खांद्यावर घेतली.