एकट्या डोमाजींचं भजन मंडळ

इकडे या, असे जवळ येऊन बसा. दाराच्या चौकटीला टेकून, एक पाय बाहेर ठेवून काय ऐकता? आणि मघाशी हसलात ना, ते मला काही आवडलं नाही. म्हणे, एक माणूस म्हणजे भजन मंडळ कसं होईल. इथं शहरात राहता, चार पुस्तकं वाचता आणि न बघता हसता. आधी ऐकून घ्या, मग हसा. हसायला पुष्कळ आहे.

डोमाजींच्या घरात ताठ मानेनं कोणाला शिरता येत नसे. चिखल्याला खाणीच्या वसाहतीत त्यांचं घर आणि आमचं घर, मधे एक भिंत. विरजण मागायला गेलं की आतून आवाज यायचा, "वाकून या जी वयनी, पार्टी सुरू आहे." पार्टी म्हणजे त्यांचं भजन मंडळ. आणि वाकायचं कशाखालून, तर टेपच्या फितीखालून. क्लबात धूळ खात पडलेला मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर जाता जाता एका साहेबानं त्यांना देऊन टाकला होता. डोमाजींनी त्याच्या चकत्या काढून ठेवल्या, फीत कापली आणि तिची दोन टोकं एकमेकांना चिकटवून माळ केली. माळ एवढी मोठी की मशीनमधून निघायची ती खिडकीपाशी, तिथून खाटेपाशी, तिथून देव्हाऱ्यावरून परत मशीनमध्ये. वळणावळणावर खिळे आणि खिळ्यांवर दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं. खाणीवर माणसांचा पाळणा खाली-वर करायचं इंजिन डोमाजी चालवत. तिथं दोर चाकांवरून जातो, तशी घरात फीत रिळांवरून जायची.

आता या माळेचं करायचं काय? तर आधी ढोलक वाजवायचं. फीत फिरून आली की तेच ढोलक मशीनमधून ऐकू यायचं आणि डोमाजी खंजेरी घेऊन बसायचे. पुढच्या फेरीला ढोलक आणि खंजेरी दोन्ही मशीनमध्ये, आणि यांच्या हातात टाळ. मग मागची झील, म्हणजे मुख्य गायकामागून ओळ उचलायची, तीही यांनीच उचलायची. सगळे जमले की शेवटी स्वतः पेटी घेऊन गायचं. जुनं पुसलं जाऊ नये म्हणून मशीनच्या पुसायच्या जागी कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा अडकवलेला होता. तरी दर फेरीला जुना आवाज जरा मंद व्हायचाच. त्यावर डोमाजींचं म्हणणं, "गडी थकला. बसू द्या त्याले मांगं."

बरं, एका जागी बसून वाजवतील तर ते डोमाजी कसले. ढोलक खाटेजवळ, खंजेरी खिडकीखाली, टाळ दाराशी. उठायचं, फितीखालून वाकून पलीकडे जायचं, नवीन जागेवर बसायचं आणि जुन्या रिकाम्या जागेकडे बघून डोळे वटारायचे. "हं, नीट. घाई नाई करायची." त्यांची बायको शेवंता मला म्हणायची, माझ्या घरात जेवायला दोन माणसं आणि भांडायला पाच.

एकदा मी वाकले, पण पुरती वाकले नाही. फीत माझ्या अंबाड्याच्या काट्यात अडकली. मी पुढे, फीत माझ्यामागं, आणि मशीनमधून असा आवाज निघायला लागला की मला वाटलं कोणाचं तरी मांजर चेंगरलं. डोमाजी धावत आले. मला काय लागलं-खुपलं विचारतील, तर नाही. "हालू नोका वयनी," म्हणाले. "आमचा ढोलकवाला तुमच्या अंबाड्यात गेला." आणि शेवंतानं माझे केस मोकळे करून तो ढोलकवाला सोडवेपर्यंत ते हात जोडून उभे.

हे सगळं कशापायी, ते सांगते. डोमाजींचं खरंखुरं मंडळ होतं आधी. पाच जणांचं, हाडामांसाचं. दर गुरुवारी त्यांच्या ओसरीत भजन व्हायचं आणि आजूबाजूच्या गावांत त्यांचं नाव होतं. पण इंजिनावर काम करून डोमाजींचा स्वभाव असा झाला होता की चूक म्हणून खपायची नाही. घंटी वेळेवर नाही पडली तर माणूस अधांतरी लटकते, असं त्यांचं कायमचं वाक्य. खाणीत ते खरंच, घंटीच्या इशाऱ्यावरच पाळणा सोडतात. पण भजनात कोणी लटकत नाही ना. हे त्यांना कोण सांगणार? देवाचं भजन चाललेलं असो नाहीतर पाहुण्यांसाठी, कोणी चुकलं की पेटी बंद. "पुन्हा. पयल्यापासून." एकदा तर आरतीसुद्धा पहिल्यापासून घ्यायला लावली. कापूर विझून गेला, पुजारी तबक घेऊन बघत राहिला.

सगळ्यात जास्त बोलणी खायचा बकाराम. टाळ त्याच्याकडे. डोमाजींचा जिवाभावाचा दोस्त, एकाच पाळीला कामाला, एकाच डब्यातून जेवणारे. पण बकारामचे टाळ जरासे उशिरा पडायचे. चुकायचा नाही, बरं का. उशिरा, पण दरवेळी तेवढाच उशिरा. जसा काही विचार करून वाजवायचा. एका गोकुळाष्टमीला, भर गर्दीत, डोमाजींनी भजन थांबवलं आणि त्याच्या हातातून टाळ काढून घेतले. म्हणाले, तुझ्या घंटीवर पाळणा सोडला असता तर आतापर्यंत अर्धी खाण लटकली असती. लोक हसले. बकाराम हसला नाही. उठला, चप्पल घातली आणि गेला. पुढे त्यानं खाणीचं काम सोडलं, नाकाडोंगरीला सासऱ्याची धानाची शेती करायला लागला आणि तिथल्याच मंडळात टाळ वाजवायला लागला. त्याच्यामागं बाकीचेही एकेक करून पांगले. कोण बदलीवर गेला, कोणाला घरी काम निघालं. ओसरीत गुरुवारी डोमाजी एकटेच पेटी घेऊन बसायचे. मग ते मशीन आलं.

असं चाललं असतं तर चाललं असतं. पण दिवाळीनंतर नाकाडोंगरीची मंडई आली. मंडई तुम्ही पाहिली नसेल. आमच्याकडे धान कापणीला येतं तेव्हा गावोगाव भरते. दुकानं, ऊस, शिंगाडे, दंडारीचे नाच-खेळ आणि भजनांचा सामना. सामन्यासाठी गावचे पंच मंडळांना सुपारी पाठवतात. सुपारी घेतली म्हणजे यायचंच, आणि पाच जणांनी यायचं. घेऊन न आलात तर पुन्हा कधी त्या गावची सुपारी येत नाही आणि वरून सगळ्या गावाची नाचक्की. बकाराम सोडून आला हे नाकाडोंगरीच्या पंचांना माहीत होतं, पण बाकीचेही पांगले ते त्यांना काय माहीत? माणूस सुपारी घेऊन डोमाजींच्या दारात उभा राहिला. आणि या माणसानं दोन्ही हातांनी ती घेतली, देवापुढे ठेवली आणि वर सांगितलं, पार्टी तयार आहे.

वसाहतीत बातमी पसरली तशी सगळ्यांची झोप उडाली. आमचे हे त्यांना समजावायला गेले. म्हणाले, डोमाजी, त्या चौघांकडे जा, हात जोडा, एका दिवसापुरते येतील.

"हात जोडले त पेटी कोन वाजवन?" डोमाजी म्हणाले.

आमचे हे उठले. घरी येऊन मला म्हणाले, हा माणूस आपल्या चिखल्याचं नाक कापणार. मी पण घाबरले होते. पण त्याहून जास्त मला शेवंताची काळजी वाटत होती. ती म्हणाली, वयनी, याले तिथं हसले तर हा पेटीले हात नाई लावनार. आणि पेटी नसली तर या माणसाजवळ आहे काय?

मंडईच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे ट्रकनं गेलो. मशीन डोमाजींच्या मांडीवर, तान्ह्या पोरासारखं गोधडीत गुंडाळलेलं. रिळं ठोकलेली एक फळी आमच्या ह्यांच्या हातात. सामन्याचा निकाल द्यायला तुमसरचे एक म्हातारे गुरुजी बसले होते. चिखल्याचं नाव पुकारलं. डोमाजी मांडवातल्या ओट्यावर एकटेच चढले, फळी उभी केली, माळ लावली, माइकवाल्याच्या बोर्डातून विजेची लाइन घेतली. लोक बघतच राहिले. गुरुजींनी चष्मा वर केला आणि बाकीचे कुठं आहेत म्हणून विचारलं.

"आहेत जी," डोमाजी म्हणाले. "सुरू केल्यावर येतात."

हसण्याची एक लाट उठली ती शिंगाडेवाल्यांपर्यंत गेली. पंचांमध्ये बोलाबोली सुरू झाली. एक म्हणे, हा एकटा आहे, खाली उतरवा. दुसरा म्हणे, आवाज पाच असले तर पाच धरा. तिसरा म्हणे, मग रेडिओलाही बक्षीस द्या. शेवटी गुरुजींनी हात वर केला. म्हणाले, आधी वाजवू द्या, मग मोजू.

डोमाजींनी ढोलक घेतलं. फीत फिरली, ढोलक मशीनमधून यायला लागलं आणि त्यांनी खंजेरी उचलली. हसणं जरा थांबलं. ढोलक आणि खंजेरी एकात एक मिसळली तेव्हा बायकांनी पोरांना गप्प केलं. मग ते मांडवाच्या पार टोकाला जाऊन बसले आणि टाळ वाजवायला लागले.

टाळ उशिरा पडले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, माय वं, चुकून राहिला हा. पुढच्या फेरीला मशीनमधून पुन्हा उशिरा. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेवढेच. मी भिंतीपलीकडून हे रोज ऐकत होते, पण भांडी घासताना कोण लक्ष देतं? आता समोर बघत होते. ज्या माणसानं आरती पहिल्यापासून घ्यायला लावली, तो हे ऐकत होता आणि थांबवत नव्हता. मी नाकाडोंगरीच्या मंडळाकडे बघितलं. बकाराम तिथं पुढेच बसला होता, तोंडात तंबाखूचा खर्रा. चघळायचं थांबून तो मशीनकडे बघत होता.

डोमाजींनी झील भरली, पेटी ओढली आणि गायला सुरुवात केली. काय सांगू तुम्हाला. पाच माणसं होती हो तिथं. मी डोळे मिटून मोजली.

आणि तेवढ्यात लाइन गेली.

मशीन म्हशीसारखं हंबरलं, लांबत लांबत गेलं आणि बंद पडलं. माळ रिळांवरून सैल होऊन लोंबायला लागली. एवढ्या मोठ्या मांडवात एक पेटी आणि एक गळा उरला, आणि पुढच्या ओळीला तोही थांबला. डोमाजींचा हात भात्यावर तसाच. कोणी हसलं नाही. शेवंतानं माझा दंड एवढा घट्ट धरला की चार बोटं उठली.

मग टाळ वाजले. आधी मला वाटलं लाइन आली. पण माळ तर लोंबतच होती. नाकाडोंगरीच्या रांगेतून बकाराम मान खाली घालून वाजवत होता, पडायला पाहिजे तिथून जरा मागं. डोमाजींनी त्याच्याकडे बघितलं. मी देवाचं नाव घेतलं. म्हटलं, आता हा म्हणतो, पुन्हा, पयल्यापासून.

डोमाजींनी भाता ओढला आणि पुढची ओळ उचलली. बकारामच्या शेजारच्या ढोलकवाल्याला काही राहवेना, त्यानंही धरलं. मग कोणी कोणाचं मंडळ विचारलं नाही. माझ्या छातीवरून धानाचं पोतं कोणी उतरवून घ्यावं तसं झालं मला. शेवंता पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती, मी बघितलं नाही.

गुरुजींचा निकाल ऐका. म्हणाले, मंडळ झालं हे नक्की, पण कोणत्या गावचं ते मला सांगता येत नाही. म्हणून बक्षीस दोघांनाही नाही. त्यावरून नाकाडोंगरीचे पंच बकारामवर चिडले, आमचे हे गुरुजींवर चिडले, आणि सगळे मिळून लाइनवाल्यावर चिडले. पण पुढच्या वर्षीची सुपारी तिथंच, हातोहात मिळाली.

मांडवामागं चहा देत होते. मी शेवंतासाठी कप घ्यायला गेले तर ते दोघं तिथं फीत गुंडाळत उभे. एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या.

"मशीनमंदी त मीच वाजवून राहिलो होतो," बकाराम म्हणाला. "तुनं कायले माझ्यासारखं वाजवलं गा?"

डोमाजी फितीचा पीळ काढत होते. वर बघितलं नाही त्यांनी.

"मंग कोनासारखं वाजवू?" म्हणाले. "टाळ तुझे होते."

मी चहा न घेताच परत आले.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. बकाराम दर गुरुवारी सायकलवर येतो, बोलणी खातो, जेवून जातो. ढोलकवालाही कधीमधी येतो. भांडण ऐकायचं असेल तर भजनाच्या आधी यावं, भजन ऐकायचं असेल तर भांडणानंतर. तुम्ही चिखल्याला दोन्हीसाठी या. उतरायचं आमच्याकडेच, दुसरीकडे गेलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी. नवा तांदूळ निघालाय, शिंगाडे अजून बाजारात आहेत. ते संपायच्या आत या बघू. आणि येताना मुलांना घेऊन या, एकटे नका येऊ.